उसनी भीती

(प्रस्तावना)

माझ्या पहिल्या स्पर्धेतली पहिली लढत मी सात-पाच अशी जिंकली. पंचांनी माझा हात वर केला, समोरच्या मुलाने मुखवटा काढून हसत हस्तांदोलन केलं, आणि संध्याकाळी ट्राममधून घरी येताना मी उगाच हिशेब मांडत बसलो. त्याचे पाच गुण म्हणजे दोनदा माझ्या डोक्यात बसलेली तलवार आणि एकदा मनगटावर (डोक्याला जास्त गुण असतात). डोक्यातला पहिला घाव तर लढत सुरू होऊन दहा सेकंदही झाले नव्हते तेव्हाच बसला होता. पात्याला धार असती, तर माझे सातही गुण मला मरणोत्तर मिळाले असं म्हणावं लागलं असतं.

आमच्या शिकवणाऱ्या गृहस्थांनी त्या दिवशी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. एवढंच विचारलं, "तुझा वार बसला तेव्हा तुझं पातं तुम्हा दोघांच्या मध्ये होतं का?" मला आठवेना. मी फक्त पंचांच्या झेंड्याकडे बघत होतो. हे पुस्तक त्या न आठवण्यातून निघालं आहे.

मी तेव्हा जर्मनीत नोकरीला होतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत दोन हातांची लांब तलवार शिकत होतो. या विद्येला ऐतिहासिक युरोपीय युद्धकला म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिचं 'हेमा' असं सुटसुटीत नाव पडलं आहे. मराठी कानाला ते कुणाच्या तरी मावशीचं वाटतं, पण इलाज नाही. आपल्याकडच्या मर्दानी खेळांशी तिची तुलना करायचा मोह होतो. पण एक मोठा फरक आधीच सांगून ठेवतो. कोल्हापुरात दांडपट्टा किंवा फरी-गदगा शिकायचा तर वस्ताद असतो, त्याचा वस्ताद असतो, हात धरून दाखवणारं कुणीतरी असतं. युरोपातल्या लांब तलवारीचा असा एकही वस्ताद उरलेला नाही. परंपरा तुटली. उरल्या त्या पोथ्या.

त्यातली हाती असलेली सर्वांत जुनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, ब्रिटनमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात. तिच्यात एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतो, आणि शेवटच्या चित्रांत शिष्याच्या जागी वाल्पुर्गिस नावाची बाई उभी आहे. त्याच शतकात जर्मनीत योहानेस लिश्टेनाउअर नावाच्या उस्तादाने आपली विद्या कोड्यासारख्या पद्यात बांधली. त्या पद्याचे अर्थ लावत पुढच्या पिढ्यांनी भाष्यं लिहिली. इटलीत फिओरे देई लिबेरी होऊन गेला. १५७० मध्ये स्ट्रासबुर्गला योआखिम मायर या कारागिराने जाडजूड छापील ग्रंथ काढला. आजचे साधक हे ग्रंथ समोर ठेवून, एक माणूस वाचतोय आणि दोघं करून बघताहेत अशा पद्धतीने, पाचशे वर्षांपूर्वीच्या हालचाली पुन्हा उभ्या करतात. चित्रात उजवा पाय पुढे आहे. तो आधी टाकला की वारानंतर, हे चित्र सांगत नाही. मग कळणार कसं? करून बघून. आणि नुसतं हळूहळू, एकमेकांना सांभाळून करून बघितलं तर कुठलाही अर्थ बरोबरच वाटतो. समोरचा माणूस मनापासून तुम्हाला मारायला बघत असेल, तरच पोथीचा अर्थ लागला की फसला हे समजतं. म्हणून लढत हवी. लढत हवी म्हणून बोथट तलवार, मुखवटा, जाड कोट आणि हातमोजे हवेत. आणि कुणाला लागलं, किती लागलं, थांबायचं कधी हे ठरवायला नियम हवेत. भांडण इथून सुरू होतं.

एका बाजूला स्पर्धावाले. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला २००६ मध्ये सुरू झालेल्या 'स्वोर्डफिश'सारख्या स्पर्धांनी या विद्येला वेग दिला, जोर दिला, घाम दिला. आधी ती बरीचशी व्याख्यानांत आणि संथ प्रात्यक्षिकांत अडकली होती. दुसऱ्या बाजूला 'खऱ्या लढाई'वाले. त्यांचं म्हणणं असं, की गुण मोजायला लागलात की तलवार संपली. तुम्ही काठीने शिवाशिवी खेळताय. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत आणि दोन्हीकडे बढाईखोरही आहेत. मी दोन्ही कंपूंत चहा प्यायलो आहे. माझं मत पुढच्या पानांत येईलच, पण थोडक्यात इथेच देतो: सराव कुठलाही असो, त्यात एक गोष्ट खोटी असतेच, कारण कुणी मरत नाही. जे खरोखर हरवलेलं असतं ते म्हणजे भय. चांगला नियम त्या भयाची उसनवारी करतो. आणि उसनवारी कधीतरी फिटते किंवा बुडते.

भय हरवतं म्हणजे काय होतं, हे फिओरेने फार स्वच्छ सांगून ठेवलं आहे. पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, फेराराच्या एस्ते घराण्यातल्या निकोलोला अर्पण केलेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात तो सांगतो, की आपली विद्या शिकवायला नकार दिल्यामुळे इतर उस्तादांशी आपल्याला पाच वेळा धारदार तलवारींनी लढावं लागलं. अंगावर चिलखत नाही. फक्त कापसाचा जाड अंगरखा आणि हातात मऊ कातड्याचे मोजे. परक्या गावी, नातेवाईक नाहीत, मित्र नाहीत. पाचही वेळा तो जखमी न होता परतला. पण पुढे तो जे म्हणतो ते एखाद्या बढाईखोराच्या तोंडी शोभणार नाही. चिलखत घालून रिंगणात उतरलात तर अनेक घाव खाऊनही जिंकता येतं. धारदार तलवारीपुढे एक अडवणूक चुकली की मरण. म्हणून अशा उघड्या लढतीला एकदा उभं राहण्यापेक्षा रिंगणात तीनदा लढणं त्याला परवडलं असतं.

ट्राममध्ये मी जो हिशेब मांडत होतो तो या माणसाने सहाशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला होता. अनेक घाव खाऊनही जिंकता येतं, ही आमच्या सगळ्या स्पर्धांची व्याख्याच आहे. जाड कोटात आणि पोलादी जाळीच्या मुखवट्यात उभा असलेला माणूस खरं म्हणजे फिओरेच्या रिंगणातला चिलखतधारी असतो. मात्र तो लढत असतो अंगरख्यातल्या माणसाचे डाव. सगळा घोळ या एका विसंगतीत आहे.

त्यातून 'जोडवार' जन्माला येतात. जोडवार म्हणजे दोघांनीही एकाच क्षणी एकमेकांना मारणं. नवख्यांच्या लढतीत इतके जोडवार होतात की बघणाऱ्याला वाटावं, दोघंही जीव द्यायला आले आहेत. पण याचं खापर आजच्या खेळाडूंवर फोडू नका. इंग्लंडचा जॉर्ज सिल्व्हर १५९९ मध्ये इटालियन रेपियर तलवारीवर तुटून पडला, त्याचा मुख्य आक्षेप हाच होता: विद्या शिकलेली दोन माणसं भिडतात आणि दोघंही मरतात, तर मग ही कसली संरक्षणाची विद्या? सिल्व्हर तापट होता, परदेशी उस्तादांवर त्याचा राग होता, आणि त्याची बरीच मतं मला एकांगी वाटतात. पण हा प्रश्न त्याने बिनतोड विचारला.

नियमांनी विद्या कशी वाकते याचं उदाहरण द्यायचं झालं की हेमावाले ऑलिम्पिकच्या तलवारबाजीकडे बोट दाखवतात, बहुतेकदा तुच्छतेने. मला ती तुच्छता पटत नाही. पण तो इतिहास शिकण्यासारखा आहे. फॉइल आणि सेबर या प्रकारांत 'प्राधान्य' नावाचा नियम आहे. दोघांनी एकमेकांना लावलं, तर ज्याचा हल्ला आधी सुरू झाला त्याला गुण. हा नियम कुठल्या कारकुनाने काढलेला नाही. त्यामागचं शहाणपण साधं होतं: टोक आपल्या छातीकडे येत असताना आधी ते बाजूला सार, मग मार, खऱ्या तलवारीपुढे तू तेच करशील. म्हणजे ही मूळची भयाची उसनवारीच. पुढे बोथट, हलकी, लवचीक पाती आली, फॉइलला १९५० च्या दशकात विजेचे दिवे आले, आणि 'आधी कोणाचा हात सुटला' हा प्रश्न खुद्द पंचांना डोकं खाजवायला लावू लागला. खेळाडूंनी चाबकासारखं पातं वळवून टोक प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर टेकवायची युक्ती काढली. खऱ्या पात्याने तसं करायला गेलात तर काहीच होणार नाही, पण दिवा लागायचा. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये टोक किती वेळ दाबलं गेलं पाहिजे ही मर्यादा वाढवली आणि दुसरा दिवा लागण्याची मुदत ७५० मिलिसेकंदांवरून ३०० वर आणली, तेव्हा कुठे ही युक्ती ओसरली. म्हणजे नियमालाही धार असते आणि ती वापराने जाते. ती परत लावावी लागते. ऑलिम्पिकवाल्यांची चूक झाली असेल तर नियम केले ही नव्हे. बोथट झालेले नियम फार काळ तसेच चालवले, ही.

कुस्ती बघणाऱ्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. मातीत पाठ टेकली की निकाल. मॅटवर गुणांची बेरीज. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले, तिथे त्यांची गाठ मॅटशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांशी पडली होती. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. मधल्या काळात कुस्ती बदलली नव्हती. त्यांनी दुसऱ्या नियमांतली कुस्ती शिकून घेतली होती.

खऱ्या लढाईवाल्यांचा लाडका समज असा, की जुन्या काळी सगळं खरं होतं आणि खेळ आपण केला. इथे मला त्यांना थोडं छेडावंसं वाटतं. १४८७ मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिककडून सनद मिळवलेला मार्क्सब्रूडर हा तलवारबाजांचा संघ होता. त्यांच्यासारख्या संघांचे उस्ताद गावोगाव जाहीर सामने भरवायचे, त्यांना फेश्टशूले म्हणत. तिकीट काढून लोक बघायला यायचे. तलवारी बोथट, अंगावर संरक्षण जवळपास नाही, आणि ज्याच्या घावाने समोरच्याच्या डोक्यातून रक्त येईल तो जिंकला. हे रांगडं आहे, पण नियम नव्हते असं नाही. टोक खुपसायचं नाही, मुठीच्या गोळ्याने मारायचं नाही, धावत जाऊन कवळ घालायची नाही, हात मोडायचा नाही, डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, दगड फेकायचे नाहीत. शेवटच्या बंदीने मी नेहमी हसतो. दगड फेकायचे नाहीत असं जाहीर करावं लागतं, म्हणजे कुणीतरी फेकला असणारच.

आणि मायर? त्याचा १५७० चा ग्रंथ आजच्या स्पर्धकांचा आवडता. तो स्वतःच नोंदवतो, की जर्मनांत तलवारीने भोसकणं आता चालत नाही. मग तोच माणूस पुढे रेपियरच्या प्रकरणात भोसकण्याचे डाव तपशीलवार शिकवतो, कारण परक्या मुलखातले लोक भोसकतात हे त्याला ठाऊक आहे. जर्मन पोथ्यांत खेळातलं आणि निकराचं असे दोन शब्दच आहेत. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा उस्ताद सकाळी आखाड्याच्या नियमांत शिकवत होता, संध्याकाळी त्याला वेगळं काही शिकवता येत होतं, आणि दोन्हींची सरमिसळ तो करत नव्हता. आपण करतो.

'खरी लढाई' हाही एकच प्रकार नव्हता. जर्मन उस्ताद टालहोफरच्या १४६७ च्या चित्रपोथीत नवरा-बायकोच्या न्यायालयीन द्वंद्वाची चित्रं आहेत: नवरा कमरेइतक्या खड्ड्यात उभा, हातात सोटा, बायको मोकळी, पण तिचं शस्त्र म्हणजे कापडात गुंडाळलेला धोंडा. मरण खरं होतं, तरी खड्डा किती खोल आणि धोंडा किती जड हे नियमांनी ठरत होतं. रणांगण वेगळं, अंधाऱ्या गल्लीतली मारामारी वेगळी, ठरवून केलेलं द्वंद्व वेगळं. 'वास्तववादी सराव' म्हणणाऱ्याला मी आता आधी विचारतो, कुठलं वास्तव?

खऱ्या लढाईवाल्यांची एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे: धारदार आणि बोथट पातं एकसारखं वागत नाही. दोन धारदार पाती एकमेकांवर आली की त्यांच्या धारा एकमेकींत रुततात, चिकटतात. क्षणभर समोरच्याचा दाब मनगटात कळतो. लिश्टेनाउअरच्या परंपरेत या जाणिवेला फार महत्त्व आहे. तिच्यावरून पुढचा डाव ठरतो. बोथट पाती घसरतात. त्यामुळे नुसत्या बोथट तलवारीवर वाढलेल्याला पोथीतले काही डाव थापा वाटतात. मलाही वाटले होते. एकदा अनुभवी जोडीदाराबरोबर, अत्यंत संथ गतीने, धारदार पाती एकमेकांना लावून बघितली आणि थापा मारणारा मीच होतो हे कळलं. ओल्या चटयांच्या वळ्या कापण्याचा सरावही असाच उपयोगी. गुण मिळवणारे माझे किती वार कातडीसुद्धा कापणार नाहीत हे चटई निर्विकारपणे सांगते.

या धारेची एक गोष्ट आपल्या बाजूच्या मुलखातली आहे, म्हणून इथे सांगतोच. कॅप्टन लुई नोलन हा ब्रिटिश घोडदळातला जाणकार अधिकारी हिंदुस्थानात नोकरीला होता. पुढे १८५४ मध्ये क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेडच्या त्या प्रसिद्ध चढाईत तो मारला गेला. १८५३ च्या घोडदळावरच्या पुस्तकात तो निजामाच्या स्वारांनी केलेल्या भयंकर जखमांबद्दल लिहितो. हात, डोकी एका घावात उडवलेली. कुठली अद्भुत तलवार म्हणून चौकशी केली तर ती निघाली इंग्रजांच्याच घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती. स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली, लाकडी म्यानात ठेवली, आणि गरज पडल्याशिवाय ती उपसली नाहीत. इंग्रज शिपायांची पाती लोखंडी म्यानात घासून बोथट होत होती. वार करण्याची काय पद्धत शिकवता, असं विचारल्यावर नोलनला मिळालेलं उत्तर असं होतं, की पद्धत वगैरे काही नाही, धार असली की कुणाच्याही हातात कापते. परेडवर तलवारीचे क्रमांकवार वार शिकलेल्या सैन्याला हे ऐकवणारा माणूस मला भेटायला आवडला असता. दख्खनेत युरोपीय पात्यांना देशी मुठी बसवण्याची रीत त्याआधीच शतकांची होती. आपण ज्याला फिरंग म्हणतो ती तलवार दुसरी कुठली?

पण खऱ्या लढाईवाल्यांची एक सवय मला अजिबात सहन होत नाही. 'हा डाव इतका घातक आहे की तो पूर्ण जोराने करून दाखवताच येत नाही' असं म्हणून ते वर्षानुवर्षं सोशिक जोडीदारावर तो डाव करतात. जोडीदार हात पुढे करतो, थांबतो, पडतो. अशा माणसाला पहिल्यांदा कुणी जोराने उलटा मारला की त्याचे सगळे घातक डाव दोन मिनिटांत संपतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. स्पर्धेतला गुण खोटा असेल, पण तो मिळू नये म्हणून समोरचा खरोखर धडपडत असतो. ती धडपड फुकट मिळत नाही. दोन खोट्यांतून एक निवडायचं झालं तर मी स्पर्धेचं निवडतो.

मात्र नियम असे हवेत की मार खाण्याची किंमत परत यावी. आज बऱ्याच स्पर्धांत 'उलटवार' मोजतात: तुम्ही मारलंत, पण त्याच ठोक्यात समोरच्याने तुम्हाला मारलं, तर तुमचे गुण कापले जातात किंवा दोघांचेही रद्द होतात. म्हणजे वार करून सुरक्षित बाहेर पडणं हा वाराचाच भाग ठरतो. आमच्या शिकवणाऱ्यांचा प्रश्न नेमका तोच होता. काही ठिकाणी ठरावीक संख्येपेक्षा जास्त जोडवार झाले की दोघंही बाद. हा नियम मला सर्वांत आवडतो आणि खेळाडूंना सर्वांत नावडतो. यातही पळवाटा निघाल्या आहेतच. आघाडीवर असलेला माणूस मुद्दाम जोडवार घडवून घड्याळ संपवतो. कुणी हातावर हलकेच टेकवून उलटवाराने समोरच्याची कमाई तेवढी पुसून टाकतो. तेव्हा तो नियम बदलायचा. दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा. आयोजकांना हे कटकटीचं वाटतं, पण पात्याची धार लावणं कटकटीचंच असतं.

एका गोष्टीवर मात्र वाद घालायला मी बसणार नाही. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचे ऑलिम्पिक विजेते व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांच्या मुखवट्यातून प्रतिस्पर्ध्याचं मोडलेलं पातं आत गेलं आणि ते वाचले नाहीत. ते हलकं, लवचीक फॉइल होतं. जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध स्पर्धेत ते घडलं. त्यानंतर मुखवटे, कपडे आणि पात्यांच्या पोलादाचे निकष कडक झाले. आमची सरावाची तलवार साधारण दीड किलोची, दोन्ही हातांनी फिरवायची. वास्तवाच्या नावाखाली संरक्षण कमी करा म्हणणाऱ्याशी मी लढत नाही. त्याच्याशी चहाही पीत नाही.

आता पुस्तकाबद्दल थोडं. पहिली दोन प्रकरणं पोथ्यांची आणि त्या लिहिणाऱ्यांची आहेत. ज्याला तलवार हातात घ्यायची नाही त्याने तेवढीच वाचली तरी चालेल. तिसऱ्यात मूळ पवित्रे आणि पाच वार. चौथ्यात वेगवेगळे नियम घेऊन एकच लढत कशी पालटते याचे प्रयोग आहेत, आणि खरं सांगायचं तर पुस्तक मी त्या प्रकरणासाठी लिहिलं. जर्मन आणि इटालियन संज्ञांना शक्य तिथे आपले शब्द वापरले आहेत: पवित्रा, अणी, परज, झडप. जिथे आपला शब्द ओढून-ताणून बसवावा लागला तिथे मूळच ठेवला. जोडवार आणि उलटवार हे शब्द मी सोयीसाठी पाडले. कुणा जाणकार वस्तादाकडे याहून बरे असतील तर जरूर कळवावेत, पुढच्या आवृत्तीत घेईन.

तिसऱ्या प्रकरणातले वार काठीने, एकट्याने, अंगणात करून बघायला हरकत नाही. जोडीदाराबरोबर करायचे असतील तर आधी मुखवटा घ्या, मग गळ्याचं कवच, मग हातमोजे. पैसे उरले तर तलवार.